आधी फूल, मग ब्रह्म : अमेरिकन निसर्गकविता वाचायची कशी

मराठी वाचक एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कवी-विचारवंत राल्फ वाल्डो एमर्सनच्या 'ब्रह्म' या कवितेपाशी पोचला की त्याचा चेहरा उजळतो. मारणारा मारत नाही, मरणारा मरत नाही, हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलोय! पुढे कळतं की हेन्री डेव्हिड थोरो तळ्याकाठी बसून गीता वाचायचा. मग वॉल्ट व्हिटमनचा विश्वाएवढा 'मी' भेटतो. "हे सगळं आपल्याकडे आधीच सांगून झालंय," असं म्हणत आपण समाधानाने पुस्तक मिटतो.

वाचन तिथेच थांबतं, ही खरी अडचण. ही माणसं तत्त्वज्ञानाचा गोषवारा लिहीत नव्हती. ती एका ठरावीक दलदलीतल्या ठरावीक झुडपाकडे, एका ठरावीक गावच्या शेतजमिनीकडे बघत होती. आपल्याला अद्वैत तोंडपाठ असल्यामुळे आपण ते झुडूप ओलांडून थेट ब्रह्मापर्यंत उडी मारतो, आणि कविता मागेच राहते. म्हणून इथे वाचनाचा क्रम मुद्दाम या सवयीच्या उलट लावला आहे. आधी वस्तू, मग विचार, गीता त्यानंतर, आणि शेवटी या सगळ्यावर शंका घेणारी बाई. एका बैठकीत एकच कविता घ्या. जवळ पेन्सिल हवी, आणि मोठ्याने वाचलं तरी कुणी हसणार नाही अशी जागा.

पार्श्वभूमी : लागते तेवढीच

एमर्सन 1803 साली बॉस्टनमध्ये जन्मला आणि घराण्याच्या रिवाजाप्रमाणे पाद्री झाला. पंथ युनिटेरियन, म्हणजे बुद्धीला पटेल तेवढंच मानणारा, सभ्य आणि जरा कोरडा. 1831 मध्ये त्याची तरुण बायको एलेन क्षयाने गेली. पुढच्याच वर्षी, प्रभुभोजनाचा विधी मनापासून करवत नाही असं सांगून त्याने पाद्रीपद सोडलं. युरोप हिंडून आल्यावर तो बॉस्टनपासून तीसेक किलोमीटरवरच्या काँकर्ड गावात स्थायिक झाला. सप्टेंबर 1836 मध्ये 'नेचर' हे त्याचं छोटेखानी पुस्तक निनावी प्रसिद्ध झालं. त्याच महिन्यात त्याच्या आणि मित्रांच्या बैठका सुरू झाल्या, त्यांना लोक 'ट्रान्सेंडेंटल क्लब' म्हणू लागले. 1840 ते 1844 या काळात 'द डायल' नावाचं त्रैमासिक निघालं. त्याची पहिली संपादक मार्गारेट फुलर, नंतर एमर्सन.

या मंडळींचा गाभा थोडक्यात असा: देव कळायला ग्रंथ किंवा मध्यस्थ लागत नाही, ते ज्ञान माणसाला आतूनच होऊ शकतं. निसर्गातली प्रत्येक गोष्ट आत्म्याच्या जगातल्या कशाची तरी खूण असते. आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच आत्मा आहे, ज्याला एमर्सनने पुढे 'ओव्हर-सोल' म्हटलं. याची मुळं जर्मन तत्त्वज्ञ कान्टमध्ये आहेत, पण कान्ट त्यांच्यापर्यंत बराचसा कोलरिज आणि कार्लाइल या ब्रिटिश लेखकांमार्फत, पातळ होऊन पोचला होता. कवितेसाठी कान्ट वाचायची गरज नाही. 'नेचर'चं पहिलं प्रकरण मात्र वाचाच. चार-पाच पानंच आहेत.

त्यात तो प्रसिद्ध प्रसंग आहे. गावच्या मोकळ्या कुरणातून, वितळत्या बर्फाची डबकी तुडवत, संधिप्रकाशात, ढगाळ आभाळाखाली एमर्सन चाललाय, आणि एकाएकी त्याला वाटतं की आपण एक पारदर्शक डोळा झालो आहोत. आपण कुणीच नाही, आपल्याला सगळं दिसतंय. यावर त्याच्याच वर्तुळातल्या क्रिस्टोफर क्रँचने व्यंगचित्र काढलं: लांबच लांब पायांवर उभा असलेला, कोट घातलेला एक भला मोठा डोळा. ते चित्र जरूर शोधून बघा. या लोकांना स्वतःवर हसता येत होतं हे आधी कळलं की पुढचं गंभीर बोलणं जास्त मोकळेपणाने ऐकता येतं. आणि त्या प्रसंगातली डबकी विसरू नका. साक्षात्कार हिमशिखरावर नाही, चिखलात झालाय.

पहिली पायरी : 'द रोडोरा', पेन्सिल घेऊन

सोळा ओळींची कविता. 1834 मध्ये लिहिलेली, 1839 मध्ये छापलेली. वाचण्याआधी एक काम करा. रोडोराचं छायाचित्र बघा. ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातलं हे छोटं झुडूप अमेरिकेच्या ईशान्य भागात ओलसर, दलदलीच्या जागी वाढतं. आपल्या हिमालयातला बुरांश त्याचा लांबचा भाऊ. मे महिन्यात, पानं नीट फुटायच्या आधीच ते जांभळट गुलाबी फुलांनी भरून जातं. हे ठाऊक असलं की 'पानांविना फुललेलं' हे वर्णन अलंकार वाटत नाही. कवीने डोळ्यांनी पाहिलेलं ते टिपलंय.

आता पेन्सिलीने तीन प्रकारच्या खुणा करा. जे डोळ्याला दिसतं त्याखाली रेघ. कवी कुणाशी तरी बोलू लागतो तिथे बाजूला उभी रेघ. आणि जिथे तो काही ठासून सांगतो तिथे चौकट.

पहिल्या आठ ओळींत जवळजवळ नुसत्या रेघाच येतील. समुद्रावरून येणारा बोचरा वारा, रानातला ओला कोपरा, काळ्या पाण्यात गळून पडलेल्या जांभळ्या पाकळ्या, त्या पाकळ्यांनी उजळलेलं डबकं, पंख गार करायला कदाचित येईल असा एक लाल पक्षी. नवव्या ओळीला कवी थेट फुलालाच हाक मारतो: पंडितांनी विचारलं की हे रूप असं रानात वाया का घालवतेस, तर त्यांना सांग की डोळे बघण्यासाठी असतील तर सौंदर्याला असण्यासाठी दुसरं कारण लागत नाही. चौकट इथे. शेवटच्या ओळीत दुसरी चौकट: ज्या शक्तीने मला इथे आणलं तिनेच तुलाही आणलं.

आता परीक्षा. चौकटीतल्या ओळी हाताने झाका आणि उरलेलं वाचा. एक सुंदर पण अर्धवट चित्र उरेल. मग उलट करा, फक्त चौकटी वाचा. भिंतीवर टांगायचं सुवचन उरेल. पहिल्या आठ ओळींत काळं पाणी आहे म्हणून दुसऱ्या आठांतल्या विधानाला वजन आहे. ही झाकाझाकी पुढच्या प्रत्येक कवितेवर करून बघा. जिथे झाकलेल्या विधानावाचून काहीच अडत नाही, किंवा जिथे विधानाशिवाय काहीच नाही, तिथे कविता लंगडी आहे, मग कवी कितीही मोठा असो. एमर्सनच्याही अशा लंगड्या कविता बऱ्याच आहेत.

दुसरी पायरी : आता गीता काढा

'ब्रह्म' ही कविता नोव्हेंबर 1857 मध्ये 'अटलांटिक मंथली'च्या पहिल्याच अंकात आली. चार कडवी, सोळा ओळी. अमेरिकन वाचकांना ती कळेना, तिची भरपूर विडंबनं झाली. एमर्सन आपल्या मुलीला म्हणाला होता असं सांगतात, की लोकांना 'ब्रह्म'च्या जागी 'जेहोवा' (बायबलमधल्या देवाचं नाव) म्हणायला सांग, मग काही अडणार नाही.

आपली अडचण याच्या बरोबर उलट आहे. आपल्याला ती फारच लवकर कळते. म्हणून शेजारी दोन श्लोक ठेवा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला एकोणिसावा, 'य एनं वेत्ति हन्तारम्', आणि कठोपनिषदातला 'हन्ता चेन्मन्यते हन्तुं हतश्चेन्मन्यते हतम्'. एमर्सनची पहिली दोन वाक्यं 'जर मारणाऱ्याला वाटत असेल' अशा जर-तरच्या घाटाची आहेत. हा घाट कठोपनिषदाच्या जास्त जवळचा आहे. चार्ल्स विल्किन्सचं गीतेचं इंग्रजी भाषांतर 1785 पासून उपलब्ध होतं, आणि एमर्सन 1845 च्या सुमारास ते वाचत होता.

साम्य सापडलं की फरक शोधायला लागा, कारण कविता फरकात आहे. पहिला फरक, बोलणारा कोण? इथे अर्जुन नाही, कृष्ण नाही, रणांगण नाही. ब्रह्मच प्रथमपुरुषी बोलतंय: माझ्यापासून पळणाऱ्यांचे पंखही मीच, शंका घेणारा मी आणि शंकाही मी. दुसरा फरक शेवटच्या ओळीत आहे. चांगुलपणावर प्रेम करणाऱ्या नम्र माणसाला ब्रह्म सांगतं की मला शोध आणि स्वर्गाकडे पाठ फिरव. आपल्याला यात विशेष वाटत नाही, स्वर्ग म्हणजे पुण्य संपलं की परत यायची जागा हे आपण गृहीत धरलेलं असतं. पण रविवारी चर्चला जाणाऱ्या 1857 च्या बॉस्टनकराच्या दृष्टीने स्वर्ग हेच तर सगळ्याचं फळ! एका माजी पाद्र्याने मासिकात छापून त्याला सांगितलं, तिकडे पाठ कर. तो दचका आपल्याला आपोआप बसत नाही, कल्पनेने बसवून घ्यावा लागतो.

आणि झाकाझाकीची परीक्षा लावली तर? 'ब्रह्म'मध्ये डोळ्याला दिसणारं फारसं काही नाही. मला ती दुसऱ्या दर्जाची निसर्गकविता वाटते, घट्ट विणलेलं कोडं म्हणून मात्र अव्वल.

इथे जरा थांबा : 'हमात्रेय'

एमर्सनची एकच कविता वाचायची असेल तर ही वाचा, असं मी म्हणेन. आपल्याकडे तिची चर्चा 'ब्रह्म'च्या मानाने फारच कमी होते.

मूळ गोष्ट विष्णुपुराणातली. एच. एच. विल्सनचं इंग्रजी भाषांतर 1840 मध्ये आलं होतं. चौथ्या अंशाच्या शेवटी पराशर ऋषी आपला शिष्य मैत्रेय याला राजांच्या वंशावळी सांगून झाल्यावर पृथ्वीचं गीत ऐकवतो: ही भूमी माझी, माझ्या मुलांची, असं म्हणत किती राजे आले नि गेले, आणि पृथ्वी त्यांच्याकडे बघून फुलांनी हसते. कवितेच्या चमत्कारिक नावात मैत्रेयच लपलाय असं अभ्यासक मानतात.

एमर्सनने काय केलं बघा. राजे काढून टाकले आणि त्यांच्या जागी आपल्या गावचे शेतकरी बसवले. कविता सुरू होते ती चक्क आडनावांच्या यादीने: बल्कली, हंट, विलर्ड, हॉस्मर, मेरियम, फ्लिंट. ही काँकर्डमधल्या जुन्या जमीनमालकांची घराणी. पहिलं नाव तर एमर्सनच्या स्वतःच्या पूर्वजाचं, 1635 मध्ये हे गाव वसवणाऱ्या पीटर बल्कलीचं. मग पिकांची यादी: गवत, मका, कंदमुळं, ताग, जवस, सफरचंदं, लोकर, लाकूड. प्रत्येक मालक आपल्या शेतात फिरत म्हणतो, माझ्या झाडांतून पश्चिमेचा वारा किती गोड वाजतो! सातबाऱ्यावर नाव लागलं की माणसाच्या चालीत जो फरक पडतो, तोच हा. थोडं पुढे कवी विचारतो, कुठे आहेत ही माणसं? आपापल्या जमिनीखाली झोपलीत.

इथे मोठ्याने वाचणं फार उपयोगी पडतं. पहिला भाग लांब, संथ ओळींचा आहे, बांधावर उभं राहून बोलल्यासारखा. मग 'पृथ्वीचं गीत' सुरू होतं आणि ओळी एकदम दोन-तीन शब्दांच्या होतात. माझं नि तुझं. माझं, तुझं नाही. पृथ्वी टिकते. तारे राहतात. जमिनीचा दस्त करणारा वकील, कायदा, राज्य, सगळं वाहून गेलं. शेवटी पृथ्वी विचारते: ते मला धरून ठेवू शकले नाहीत, मीच त्यांना धरून आहे, मग मी त्यांची कशी? हा बदल जिभेला कळला पाहिजे, नुसत्या डोळ्यांनी वाचलं तर निसटतो.

एक प्रश्न मात्र मनात ठेवा. यादी इंग्रज वसाहतवाल्यांपासून सुरू होते. त्यांच्या आधी ही जागा मूळ रहिवाशांची होती, तिचं नाव मस्केटाक्विड. एमर्सनला ते नाव माहीत होतं, त्या नावाची त्याची एक कविताच आहे. पण 'हमात्रेय'च्या मालकीच्या हिशेबात ती माणसं नाहीत. 'जमीन कुणाचीच नाही' हे कोण म्हणतंय आणि कुणाची जमीन बळकावून झाल्यावर म्हणतंय, हे विचारायला हरकत नाही. कविता तेवढा भार सोसते.

तिसरी पायरी : थोरो, पण गद्यातून

थोरोच्या सुट्या कविता शोधत बसू नका, त्याचं पद्य त्याच्या गद्यापुढे फिकं आहे. 4 जुलै 1845 ते 6 सप्टेंबर 1847 तो एमर्सनच्या मालकीच्या जागेवर, वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोलीत राहिला. 'वॉल्डन' हे पुस्तक 1854 मध्ये आलं. त्यात धुरावर दहा ओळींची एक नेटकी कविता आहे, ती वाचा. आणि तळ्यावरच्या हिवाळ्याचं प्रकरण सबंध वाचा.

त्या प्रकरणात आपला एक खराखुरा धागा आहे. त्या काळी न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या याच ईशान्य भागातल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजांनी हिंदुस्थानात पाठवत. बॉस्टनचा बर्फव्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याचा पहिला बर्फ 1833 मध्ये कलकत्त्याला उतरला. वॉल्डनवर बर्फ कापणारी माणसं बघून थोरो लिहितो की मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याची घामेजलेली माणसं माझ्या विहिरीचं पाणी पिणार. आणि मी मात्र सकाळी गीतेत बुद्धीला स्नान घालतो, म्हणजे वॉल्डनचं पाणी गंगेत मिसळलं! हा परिच्छेद भाविकपणे वाचू नका. त्यात मिश्कीलपणा आहे, व्यापारावरचा एक बारीक चिमटाही आहे.

चौथी पायरी : व्हिटमन, पाय मोकळे करत

'लीव्हज ऑफ ग्रास' 1855 च्या जुलैत ब्रुकलिनमध्ये निघालं, बारा कवितांचं, कवीने पदरमोड करून छापलेलं. एमर्सनने 21 जुलैला पत्र पाठवून एका थोर कारकिर्दीच्या आरंभी तुमचं स्वागत करतो असं लिहिलं, आणि व्हिटमनने न विचारता ते वाक्य दुसऱ्या आवृत्तीच्या पुठ्ठ्याच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापून टाकलं. पुढे 1860 मध्ये बॉस्टनच्या मैदानात फेऱ्या मारत एमर्सनने त्याला शरीरसंबंधांवरच्या कविता गाळायला सुचवलं. व्हिटमनने ऐकून घेतलं आणि एकही गाळली नाही. गुरू-शिष्यांमधलं अंतर या एका फेरीत दिसतं.

'साँग ऑफ मायसेल्फ' ही त्याची मुख्य कविता. तिचे शेवटच्या आवृत्तीत 52 भाग आहेत. सगळे एका दमात वाचायला जाऊ नका, धाप लागते. पहिला, सहावा, दहावा आणि बावन्नावा घ्या, आणि चालत चालत वाचा. त्याच्या ओळीला मात्रा नाहीत. श्वास संपेल तिथे ओळ संपते.

सहाव्या भागात एक लहान मूल ओंजळभर गवत आणून विचारतं, हे काय आहे? कवी म्हणतो, मला तरी कुठे ठाऊक! मग एकामागून एक अंदाज येतात: माझ्या आशावादी स्वभावाचा झेंडा, देवाने मुद्दाम पाडलेला रुमाल, गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वस्तीत सारखंच उगवणारी एक सांकेतिक लिपी, आणि मग थबकवणारी ओळ: थडग्यांचे न कापलेले सुंदर केस. प्रत्येक 'कदाचित'पाशी पेन्सिलीने टिंब द्या. एमर्सन फुलाला उत्तर पढवतो, व्हिटमन अंदाजांची रांग लावतो.

आणि इथेच आपली अद्वैताची सवय सगळ्यात जास्त फसवते. व्हिटमनचा 'मी' अहंकार विरून उरलेला साक्षी नव्हे. त्याला घाम आहे, भूक आहे, वासना आहे. दहाव्या भागात पळून आलेला एक गुलाम त्याच्या दाराशी येतो. तो त्याला आत घेतो, त्याच्या जखमी पायांसाठी टबात पाणी भरतो, आठवडाभर शेजारी जेवायला बसवतो, आणि कोपऱ्यात बंदूक टेकवून ठेवलेली असते. अमेरिकेतलं यादवी युद्ध अजून सहा वर्षं दूर आहे. 'सगळे एकच' हे तत्त्व इथे पाण्याच्या टबात उतरतं. 'अहं ब्रह्मास्मि' असं समासात लिहून पुढे गेलात तर हा टब दिसणार नाही.

पाचवी पायरी : एमिली डिकिन्सन, फितूर

ती मॅसॅच्युसेट्समधल्या अॅम्हर्स्ट गावची. 1830 ते 1886. सुमारे अठराशे कविता, हयातीत छापल्या जेमतेम दहाएक. शाळकरी वयात तिने वाळवलेल्या वनस्पतींची वही केली होती, त्यातले 424 नमुने आज हार्वर्डमध्ये जपलेले आहेत. फुलं तिला एमर्सनपेक्षा जास्त ओळखीची होती, यावर मी पैज लावीन. एमर्सनच्या कवितांचं पुस्तक तिला 1850 मध्ये भेट मिळालेलं होतं. डिसेंबर 1857 मध्ये तो व्याख्यानासाठी गावात आला तेव्हा शेजारी तिच्या भावाच्याच घरी उतरला होता.

'अॅपॅरंटली विथ नो सरप्राइझ' ही आठ ओळींची कविता 'द रोडोरा'च्या शेजारी ठेवून वाचा. इथेही फूल आहे, इथेही एक शक्ती आहे. खेळत असलेल्या आनंदी फुलाचं मुंडकं गोठलेलं दव सहज जाता जाता उडवतं. फुलाला आश्चर्यही वाटत नाही. तो गोरा मारेकरी पुढे निघून जातो आणि सूर्य निर्विकारपणे आणखी एक दिवस मोजायला लागतो, संमती देणाऱ्या देवासाठी. 'संमती' या एका शब्दात काँकर्डच्या सगळ्या आशावादाला सुरुंग आहे. दुसऱ्या एका कवितेत ती विहिरीत डोकावते आणि म्हणते की निसर्गाचा हवाला देणारे त्याच्या झपाटलेल्या घरावरून कधी गेलेलेच नसतात. जे त्याच्या जवळ जातात त्यांना तो आणखी कमी कळतो. हा टोला कुणाला आहे ते सांगायला नको.

तिच्या बऱ्याच कविता चर्चमधल्या स्तोत्रांच्या चालीत बसतात, आठ आणि सहा अक्षरांच्या ओळी आलटून पालटून. एकदा गुणगुणून बघा. भजनाच्या चालीत देवावरचा आरोप ऐकताना अंगावर काटा येतो. तिच्या आडव्या रेघा म्हणजे विरामचिन्हांचा गोंधळ नव्हे. त्या ठिकाणी थांबा.

प्रती कुठल्या घ्यायच्या

डिकिन्सनच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. 1890 च्या पहिल्या संग्रहात संपादकांनी तिची विरामचिन्हं सरळ केली, शब्द बदलले, शीर्षकं चिकटवली. जालावर फिरणारी मोफत प्रत अनेकदा हीच असते. थॉमस जॉन्सन (1955) किंवा राल्फ फ्रँकलिन (1998) यांचा पाठ मिळवा. हस्तलिखितं 'एमिली डिकिन्सन आर्काइव्ह'वर मोफत दिसतात. व्हिटमनच्या सगळ्या आवृत्त्या 'वॉल्ट व्हिटमन आर्काइव्ह'वर आहेत. 1855 च्या प्रतीत भागांना आकडे नाहीत, 'साँग ऑफ मायसेल्फ'ला ते नावही नाही, तीही एकदा चाळून बघा. एमर्सन आणि थोरो 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर मिळतात. 'हमात्रेय'च्या काही प्रतींत पहिली नावं 'बल्कली, हंट' ऐवजी 'मिनॉट, ली' अशी दिसतील. ती छापण्याची चूक नाही, तो पहिल्या आवृत्तीतला पाठ आहे, 'बल्कली, हंट' हा नंतरचा बदल. पूर्वजाचं नाव वाचायचं असेल तर नंतरचा पाठ घ्या.

पुढे जायचं असेल तर विसाव्या शतकातला अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्ट याची 'डिझाइन' ही कविता घ्या, आणि डिकिन्सननंतरच घ्या. एरवी निळं असणारं एक रानफूल त्यात पांढरं निघालंय, त्यावर पांढरा कोळी आणि कोळ्याच्या तावडीत पांढरा पतंग.